मुक्कामी गाडीचे तात्या

जोतीरामतात्या बोलता बोलता हवेतली दोरी ओढतात. दोरी कुठंच नसते. हात वर जातो, मूठ वळते आणि झटक्यात खाली येते. एकदा ओढली तर थांबा, दोनदा ओढली तर चला. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, निवृत्त होऊनही पाच-सहा वर्षं झाली, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाही. पुतण्याच्या लग्नात शेवटची अक्षता पडल्याबरोबर तात्यांनी डबल बेल दिली, तर निम्मं वऱ्हाड नवरा-नवरीला तिथंच सोडून पंगतीला जाऊन बसलं म्हणे.

लोकांना याचं फार कौतुक. मला नाही, कारण तात्या ही डबल बेल माझ्या बोलण्याच्या मध्येच मारतात.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो. माझा एक जुना विद्यार्थी सुहास दर रविवारी मिनीबस भरून पाहुणे फिरवायला नेतो. सकाळी राजवाडा, मग पन्हाळा, दुपारी शाहूवाडीच्या डोंगरातली एक वाडी आणि दिवेलागणीला परत. राजवाडा आणि गड माझ्याकडं, वाडी तात्यांकडं. एका गाडीत दोन गाईड. दोन सुना एका चुलीवर असाव्यात तसं आमचं चाललेलं.

एकदा राजवाड्यात मी वंशावळ सांगत होतो. दत्तकविधानापर्यंत आलो होतो, आवाज छान लागला होता. तेवढ्यात मागून तात्यांचा हात वर गेला. दोनदा. "चला पावणं, सरकून घ्या, फुडं वाघ हाय." विसातली एकोणीस माणसं भुसा भरलेल्या वाघाकडं निघून गेली. माझ्यापुढं एक आजोबा उरले, ते कानाचं यंत्र नीट करत होते. मी त्यांना उरलेली वंशावळ सांगितली. सोडतोय होय.

बरं, या माणसाला माहिती किती असावी? शून्य. वाडीच्या तोंडाशी एक भलंमोठं झाड आहे. पाहुणे विचारतात, किती जुनं असेल हो? तात्या म्हणतात, "माझ्या आधीपास्नं हाय." आणि लोक खूश. मी गडावरच्या अंबरखान्यात किती धान्य मावायचं ते घोकून सांगतो, तेव्हा हेच लोक मोबाईल बघत असतात.

वाडीत तात्या पहिल्यांदा आक्कांच्या अंगणात जातात. आक्का म्हणजे साठीची बाई, भाताची चार खाचरं आणि दोन म्हशी. तात्या त्यांना बहीण म्हणतात. आधी पाणी आणि गूळ, मग म्हशीची चौकशी, मग नाचणीची भाकरी. पाहुणे निघताना आक्का प्रत्येक बाईची ओटी भरतात. तांदूळ, सुपारी, परसातलं एखादं फळ. ओटी कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही अशा कंपनीतल्या मुली ओढणीत तांदूळ धरून मुळुमुळु रडतात. अहो, गडावर शत्रूचा वेढा मी डोळ्यांपुढं उभा करतो, तिथं एकीच्याही डोळ्याला पाणी आलं नाही.

अभिप्रायाच्या वहीत माझ्या वाट्याला 'माहिती चांगली' एवढे दोन शब्द. तात्यांसाठी पानं. एकदा हौसेनं आमच्या मंडळींना घेऊन गेलो, नवरा काय चीज आहे ते कळावं म्हणून. आठवडाभर घरात तात्या, तात्या. मी म्हटलं, "आणि माझं भाषण?" तर म्हणाली, "ते मी घरात ऐकतेच की." जळतो मी, लपवायचं कशाला?

गेल्या पावसाळ्यानंतर सुहासनं मला एकट्याला बोलावलं. दोन गाईडांच्या दोन जागा अडतात, पाहुणे परत पाठवावे लागतात, पुढच्या महिन्यापासून एकच गाईड ठेवू म्हणाला. तात्यांचा पाय नेमका मुरगळला होता, तेव्हा या रविवारी मीच सगळी सहल करून बघावी, संध्याकाळी त्याला कळवावं. "सर, तुम्हाला एकट्याला जमलं तर प्रश्नच मिटला." त्यानं तात्यांनाही याची कल्पना दिली होती. मी घरी येताना अर्धा किलो पेढे आणले. बायकोनं विचारलं कशाचे, तर उगाच म्हणालो.

तो रविवार. राजवाड्यात मी वंशावळ शेवटपर्यंत सांगितली. कुणी बेल मारली नाही. गडावर तर मी असा काही बोललो की माझाच मला हेवा वाटला. पाहुणे थोडे दमल्यासारखे दिसले, पण ते उन्हानं असणार.

वाडीत आक्का अंगणात तांब्या घेऊन उभ्याच होत्या. मी वेळ न घालवता हातातली छत्री वर करून सुरुवात केली. हे कौलारू घर, या मातीच्या भिंती, उतार असा का, पाऊस किती. माझी छत्री भिंतीवरून फिरत होती, आक्का तांब्या धरून तशाच उभ्या. कुणी पाणी घेतलं नव्हतं. परक्या बाईच्या दारात पाण्याच्या आधी मी तिचंच घर तिला समजावून सांगत होतो.

"तात्या आलं न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, पाय मुरगळलाय, आणि आता यापुढं मीच येणार. हे सांगायची काही गरज नव्हती. आक्कांनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेल्या.

मी त्यांच्यामागं स्वयंपाकघरात गेलो. आक्का चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. माझ्याकडं न बघताच बोलायला लागल्या. त्यांना भाऊ नाही. माहेर लांब, तिकडून कधी कुणी आलं नाही. वाडीत एसटी मुक्कामाला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात निजायचे, जेवायला कुणाकुणाच्या घरी. एका दिवाळीत तात्या यांच्याकडं जेवायला बसले. त्या दिवशी भाऊबीज होती, आणि या बाईचं ओवाळणीचं ताट कुणासाठीच नव्हतं. तात्यांनी विचारलं, मला ओवाळता का?

"दिवाळीत समदी माणसं सुट्टी मागत्यात," आक्का म्हणाल्या. "ह्यो माणूस दर भाऊबीजंला मुक्कामाची डूटी मागून घ्यायचा. एक साल चुकलं न्हाय."

तात्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेली, मुलगी परदेशात, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते एकदा प्रवासी म्हणून वाडीत आले आणि ओट्यावर अवघडून बसले. गाडी नाही, ड्यूटी नाही, मग रोज उठून कुणाच्या दारात कशाला जायचं, असं त्यांना वाटायला लागलं. दोन वर्षं फिरकले नाहीत. मग एक दिवस वीस पाहुणे घेऊन आले. सुहासला वाडी दाखवा म्हणून गळ घालणारे तात्याच. मी आजवर समजत होतो, ती कल्पना सुहासची.

त्या दिवशीही आक्कांनी ओट्या भरल्या. कुणी रडलं नाही. परतताना एका बाईंनी मला विचारलं, "ते कंडक्टरकाका नसतात का हो? आमच्या नणंदेनं सांगितलं होतं." पाय मुरगळलाय, एवढंच मी सांगितलं.

कोल्हापुरात उतरल्यावर मी घरी न जाता तात्यांच्या खोलीवर गेलो. आक्कांनी भाकरी आणि लोणचं बांधून दिलं होतं, ते पोचवायचं होतं. एक खोली, एक खाट, पाय उशीवर. मला बघून तात्या उठायला लागले, मी दाबून बसवलं. भाकरीचं फडकं त्यांनी उघडलं नाही, नुसतं मांडीवर घेऊन बसले. आक्कांच्या गुडघ्याची, म्हशीची, खाचरांतल्या पाण्याची चौकशी केली. मला यातलं एकही उत्तर देता आलं नाही. मी काही विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"सर, सहल तुमीच करा," ते म्हणाले. "तुमी शिकलेली माणसं, तुमाला शोभतंय. मला फकस्त म्हैन्यातनं एकदा मागच्या शिटावर बसवून न्या. फुकट न्हाय, तिकीट काढतो की. एक सबूद बोलणार न्हाय."

जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडलेला माणूस माझ्याकडं स्वतःसाठी एक तिकीट मागत होता. मला माझी लाज वाटली. मी फोन काढला आणि तात्यांच्या समोरच सुहासला लावला.

"मला एकट्याला जमत नाही," मी म्हणालो. नोकरीत काय, घरात काय, हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.

सुहासनं विचारलं, मग जागेचं काय करायचं?

"मी पुढं ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर बसतो."

आता दर रविवारी बॉनेटवर बसून मला चटके बसतात. वाडीत तात्यांना बघून आक्कांची नात पळत येते, म्हाताऱ्या हाक मारतात, कुणी मामा म्हणतं, कुणी दादा. मी अजून जळतो. मला तिथं सगळे सरच म्हणतात.