वरच्या खोलीत नळ नाही

सुपरिटेंडेंटसाहेबांच्या टेबलावर छतातून पहिला थेंब पडला, तो नेमका त्यांच्या ओल्या सहीवर. सहीची निळी गोगलगाय झाली. साहेबांनी मान वर केली, तर दुसरा थेंब चष्म्यावर.

प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत साहेबांना पाठीमागे सगळे 'बंब' म्हणत. ते सकाळी कचेरीत शिरतानाच तापलेले असत आणि संध्याकाळपर्यंत निवत नसत. एरवी त्यांना रागवायला कारण शोधावं लागे, आज ते आयतंच डोक्यावर गळत होतं. त्यांनी प्लंबरला बोलावून घेतलं आणि तो उंबऱ्यातून आत यायच्या आधीच त्याच्या कामाचा, पान्यांचा आणि सात पिढ्यांचा उद्धार करून टाकला.

प्लंबरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, वरच्या खोलीत नळच नाही. एसीचं असेल."

एसीवाला आला. त्याचं म्हणणं, एसीचं पाणी मागच्या भिंतीतून बाहेर जातं, हे टाकीचंच असणार. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहिले आणि तेवढ्यात थेंबांची धार झाली. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी धारेखाली तळहात धरला, वास घेतला आणि सगळ्या कचेरीदेखत ते पाणी जिभेवर घेतलं.

"वास नाही, रंग नाही. टाकीचंच आहे," त्यांनी निकाल दिला. "जरा मचूळ लागतंय. म्हणजे टाकी धुतलेली नाही."

मग टाकी न धुतल्याबद्दल प्लंबरला आणखी एकदा बोलणी बसली. त्यातून श्वास घ्यायला उसंत मिळाली तसे साहेब जिना चढून वर गेले. वरच्या दारावर लाल दिवा होता. आतल्या टेक्निशियननं दार बोटभर उघडून ऑपरेशन चालू असल्याचं सांगितलं, नंतर या म्हणाला आणि साहेब तोंड उघडतायत तोवर दार लावून घेतलं. नोकरीला लागल्यापासून साहेबांच्या तोंडावर कुणी दार लावलं नव्हतं. दारं लावायची, आपटायची, ती त्यांनी.

ते खाली आले तेव्हा धार ट्यूबलाइटच्या पट्टीवरून ओघळत होती. आता याला शॉर्टसर्किट म्हणतात, माणसं मरतात, असं त्यांनी कॅशियरला ओरडून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. वायरमनला हुकूम सुटला की पाणी वरचं, तेव्हा वरच्या मजल्याची वीज सगळी बंद कर आणि मी सांगेपर्यंत कुणाचा हात लागता कामा नये. वायरमन आज्ञाधारक. त्यानं खटका ओढला, कुणाचा हात लागू नये म्हणून मीटरच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तो जेवायला बाहेर गेला. फोन तो कचेरीतच चार्जिंगला लावून गेला होता.

दोन मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली आणि सर्जनबाई आल्या. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, मास्क हनुवटीखाली. अंगकाठीनं एवढ्याशा, पण त्या आल्या तसा प्लंबर एसीवाल्याच्या मागे सरकला.

"दिवे कुणी घालवले?"

साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं की आपण घालवले, आणि आधी तुमच्या खोलीतलं पाणी बंद करा, मग दिव्यांचं बघू. बाईंनी विचारलं, कसलं पाणी? साहेबांनी वर बोट केलं. बाईंनी छताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, काही हिशेब केल्यासारखे डोळे बारीक केले, आणि "चला वर" एवढंच म्हणाल्या.

वर टेबलावर एक डुक्कर निजलं होतं. नळ्या लावलेलं, छाती यंत्राच्या श्वासावर वरखाली होत असलेली. यंत्राला बॅटरी होती म्हणून ते चालू होतं. टेबलाखाली एक बादली काठोकाठ भरून वाहत होती आणि ते वाहणं जमिनीतून वायरी खाली नेलेल्या भोकापर्यंत नीट पोचत होतं.

"याचा मेंदू मेलाय," बाई म्हणाल्या. "पूर्ण भूल देऊन आम्हीच तो थांबवलाय. मेंदू मेला की पाणी धरून ठेवायचा हुकूम सुटत नाही, मग लघवी अशी धो धो होते. पिशव्या पुरल्या नाहीत म्हणून नळी बादलीत सोडली. पुढे रक्तदाब सांभाळण्यात बादलीकडे कुणी बघितलं नाही."

साहेबांनी बादलीकडे पाहिलं. त्यांची जीभ तोंडातल्या तोंडात जागा शोधू लागली. दारापर्यंत आलेल्या प्लंबरनं पटकन पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

पण बाईंना हसायला सवड नव्हती. मेंदू मरताना रक्तदाब आधी आभाळाला भिडतो, मग कोसळतो, असं त्या एका दमात सांगत सुटल्या. त्यात फुप्फुसात पाणी भरतं. अंग उबदार ठेवणाराही मेंदूच, त्यामुळे देह गार पडत जातो, म्हणून खाली विजेची गादी लागते. ती गादी आता बंद. बॅटरी अर्ध्या तासाची. शेजारच्या खोलीत दुसरं डुक्कर या फुप्फुसांची वाट बघत तयार होतं. याआधीचे सगळे प्रयोग फसले होते.

"माणसं स्वतःचा माणूस गेलेला असताना फुप्फुसं देतात, साहेब. आणि आम्ही ती बघतो आणि टाकून देतो, कारण तोवर ती बिघडलेली असतात. तिकडे फुप्फुसांसाठी रांगेत असलेले लोक धापा टाकत मरतात. ते का बिघडतं, तेवढं शोधतोय मी. आणि तुम्ही दिवे घालवता."

चूक आपली निघाली की साहेबांना फार राग येई. तो त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीवर काढला. वायरमनला जिथे असेल तिथून उचलून आणायला दोघांना पिटाळलं. कॅंटीनमधलं उकळतं पाणी, कॅशियरची बाटली, एसीवाल्याची बाटली, स्वतःचा डब्याबरोबरचा थर्मास, सगळं वर मागवलं. प्लंबर हातोडा घेऊन कुलपावर गेला. मेलेल्या मेंदूच्या त्या जनावराभोवती साऱ्या कचेरीच्या गरम पाण्याच्या बाटल्या लागल्या आणि वरून साहेबांनी आपला कोट पांघरला. तरीही अंग बरंच गार पडलं होतं. बॅटरी मान टाकायच्या बेतात असताना कुलूप तुटलं आणि दिवे आले. बाईंनी कोट बाजूला भिरकावला आणि साहेबांना बाहेर काढलं.

पुढचा आठवडा साहेबांनी वायरमनला धारेवर धरलं. प्लंबरशी मात्र ते नजर चुकवून बोलत. तो भेटला की प्यायला पाणी आणू का विचारी, ते त्यांना आवडत नसे.

मग एका दुपारी सर्जनबाई खाली आल्या आणि न विचारता खुर्चीवर बसल्या. चेहरा असा की साहेबांना वाटलं, ती फुप्फुसं बसवलेलं दुसरं डुक्करही गेलं.

"ते जगलंय," बाई दात आवळून म्हणाल्या. "मस्त श्वास घेतंय. इतकी चांगली फुप्फुसं आम्हाला आजवर मिळाली नव्हती. मी दोन वर्षं अंगाची ऊब डिग्री डिग्रीनं सांभाळली, ते सगळे प्रयोग फसले. आणि तुम्ही खटका ओढला, त्याचं जमलं."

देह गार पडला म्हणून जमलं की नुसत्या योगायोगानं, हे कळायचं तर सगळं पुन्हा तसंच घडवून बघायला हवं होतं. गादी मीही बंद करू शकते, पण त्या दिवशीच्या गडबडीत कधी काय झालं ते मला कुठं ठाऊक, असं बाई म्हणाल्या. तेव्हा मंगळवारी साहेबांनी पुन्हा वर यावं, वीज बंद करावी, बाटल्या मागवाव्यात, जे जे केलं ते त्याच क्रमानं करावं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना एकाएकी फार बरं वाटत होतं.

"तसं नाही जमायचं, बाई. त्या दिवशी मी संतापलो होतो. असं थंड डोक्यानं मला नाही करता येत."

"मग संतापा."

साहेबांनी मनापासून प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, मूठ आवळली, टेबलावर एकदा हलकेच आपटूनही पाहिली. काही केल्या येईना. ते ओशाळवाणं हसले आणि बाईंना चहा मागवू का म्हणाले.

बाई ताडकन उठल्या. खुर्ची मागे कलंडली. पुढची दहा मिनिटं कचेरीत प्रयोगाला लागणारा संताप भरपूर होता, फक्त तो सगळा बाईंचा होता.