कला शाखेतल्या गणिताची दलाली

जळगावच्या दाणा बाजारात मी इतकी वर्षं डाळींची दलाली करतोय, पण "मला हा माल पाहिजे" हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही! एकदाही!

तूर हवी असेल तर मी हरभऱ्याचा भाव विचारतो. हरभरा हवा असेल तर समोरच्याच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करायचं. मग उठायचं. चप्पल घालायची. हळू. इतकं हळू की गोगलगायीनं हॉर्न वाजवावा! पाठीमागून हाक येतेच. "हितेंद्रशेठ, थांबा! तुम्ही म्हणाल तसं!"

(मला बघायला धुळ्याला आले होते, तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आमच्या छताच्या पंख्याची चौकशी केली. — मयुरी)

कंसातली वाक्यं माझ्या बायकोची आहेत. मी लिहिलेलं आधी ती वाचते. या वेळी वाचता वाचता तिनं पेन घेतलं. कंस काढले तर गोष्ट घराबाहेर जाणार नाही, अशी तिची अट आहे. राहू देत! मला काही फरक पडत नाही.

(पडतो.)

तर, आमची विधी दहावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. आणि एका रविवारी दाल-बाटी खाताना म्हणाली, "पप्पा, मला दिल्लीला जायचंय. तिथल्या विद्यापीठात सामाजिक शास्त्रं शिकायला."

"जा की."

"तसं नाही जाता येत. देशभरातली मुलं परीक्षा देतात. त्यासाठी अकरावीतच विषय नीट घ्यावे लागतात. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. आणि गणित."

"कला शाखेत गणित?"

"मला पुढे अर्थशास्त्र घ्यायचंय. त्याला गणित लागतंच."

"आणि शिकून करायचं काय?"

"बाजाराचा अभ्यास. शेतापासून ताटापर्यंत माल कसा जातो, भाव कसा बदलतो, मधली माणसं काय करतात."

"मधली माणसं म्हणजे?"

"तुम्ही."

बाटीचा तुकडा घशात अडकला. दोन ग्लास पाणी पिऊन मी म्हणालो, "शिक. आपल्याला काय!"

(दुसऱ्या दिवशी दुकानात गेले नाहीत. विधीच्या खोलीची खिडकी दुरुस्त करत बसले. खिडकी चांगली होती. मग भुसावळला मित्राला फोन लावून विचारलं, दिल्लीची गाडी पोचायला किती वेळ घेते. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "सहज.")

अडचण एवढीच होती की कला शाखेत गणित शिकवणारं गावात एकच कॉलेज. तिथं विधीला ऑनलाइन प्रवेश मिळाला होता, अर्जात तिनं गणितही लिहिलं होतं, पण विषय कॉलेजात जाऊन पक्के करायचे होते. आणि गणिताचा वर्ग पंधरा मुलं झाली तरच. अठरा-वीस नावं आहेत, असं विधीला कळलं होतं. म्हणजे सरळ जायचं, गणित सांगायचं, घरी यायचं.

सरळ! एखादं पोर म्हणालं असतं तर ठीक. पण मी दलाल आहे हो! गरज दाखवली की समोरचा ताठतो. "जागा नाही," म्हणेल, "देणगी द्या," म्हणेल, "उद्या या," म्हणेल. मी दोघींना तयार केलं. विधीनं कंटाळलेलं दिसायचं. मयुरीनं सारखं घड्याळ बघायचं. बाकी माझ्यावर सोडायचं.

"पप्पा, ते कॉलेज आहे."

"बाजार सगळीकडे असतो, बेटा."

(मी घड्याळ घातलंच नाही.)

कॉलेजात ही गर्दी! दारात नवलभाऊ शिपाई उभा. "काय जोयजे, भाऊ?"

काय पाहिजे! इतका उघडा प्रश्न आला की दलालाला घाम फुटतो. "काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो."

नवलभाऊनं रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बठ्ठं गाव प्रवेशसाठे येई राह्यनं, अन् तुम्ही सहज!"

आत उपप्राचार्य नेहेते मॅडम होत्या. टेबलावर कागदांचे ढीग, कपाळावर आठ्यांचे. मी खुर्चीत रेललो. कॉलेजचं माहितीपत्रक उचललं आणि खडे निघतात का बघावं तसं हलवलं.

"कोणते विषय घ्यायचेत?" मॅडमनी विचारलं.

"बघू. काही खास आहे का तुमच्याकडे?"

"गणिताचा पर्याय आहे."

मी कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. "कला शाखेत गणित? कोण घेणार हो ते?"

विधीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तो कौतुकाचा समजलो.

मॅडम पुढे झुकल्या. "खरंच तुम्हाला असं वाटतं?"

आली जाळ्यात, मी मनात म्हटलं. "वाटतं काय, खात्री आहे! चला, आम्ही निघतो." उठलो. चप्पल हळू घातली. दारापर्यंत गेलो. गोगलगाय, गोगलगाय, गोगलगाय...

"शेठ, थांबा!"

आली हाक! मी विधीकडे विजयानं पाहिलं.

"तुमच्यासारखा पालक मला सकाळपासून हवा होता," मॅडम म्हणाल्या. "त्या वर्गाला शिक्षक मिळत नाहीये. आम्ही बंदच करायला बघतोय, पण पालक ऐकत नाहीत. शेजारच्या हॉलमध्ये सगळे बसलेत. हेच तिथं सांगाल का? व्यापारी माणसाचं ऐकतील."

आता कुणी शहाणा माणूस काय करेल? थांबेल. मी काय केलं? मी विचार केला, ही शेवटची पायरी. अजून थोडं ताणलं की मॅडम कानात येऊन सांगतील, "रागावू नका, तुमच्या मुलीची जागा पक्की." शिवाय हॉलमध्ये माइक होता.

(माइक होता, हे खरं कारण.)

मी बोललो. काय बोललो! "कला शाखेत गणित म्हणजे खापरावरच्या गोड मांड्यात हिरवी मिरची! मुलींच्या डोळ्यांखाली काळं येईल! चष्मे लागतील! गणित घेणार आणि बाकीच्या विषयांचंही वाटोळं करणार!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत गनीभाई होते, पोत्यांचे व्यापारी. आमची सगळी डाळ त्यांच्याच बारदानात भरली जाते. त्यांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोक उठले आणि टेबलाशी जाऊन आपापल्या मुलांचं गणित बदलून आले.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. मी हसून मान पुढे केली.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. "आता एकच नाव राहिलं. विधी म्हणून कुणीतरी आहे. तिला मी समजावते."

घरी जाताना मयुरी रिक्षानं गेली; स्कूटरवर विधी मागे बसली होती. रोज खांद्याला धरून बसते. त्या दिवशी तिनं मागची दांडी धरली.

घरी आल्यावर ती रडली—

(पप्पा, मी रडले नव्हते. — विधी)

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मी जाऊ नये असं वाटत होतं, तर तसं सांगायचं ना, पप्पा. सगळ्यांसमोर विषय बंद पाडायची काय गरज होती?"

मी तोंड उघडलं. मुद्दाम नाही केलं, असं सांगायचं होतं. पण खिडकी आठवली. भुसावळचा फोन आठवला. आणि मलाच कळेना की नक्की मुद्दाम नाही ना केलं?

(मी तिथंच उभी होते. हे विधीच्या खोलीत जाऊन खिडकीची कडी काढत-घालत बसले.)

दुसऱ्या दिवशी मी बाजारात उतरलो. मुलं जमवायची! गणित विकायचं! पण स्तुती करायची मला सवय कुठं? बन्सीलालच्या पेढीवर जाऊन म्हणालो, "तुझ्या श्रेयांसला गणित घ्यायला लाव. झकास विषय आहे! सोनं आहे सोनं!"

बन्सीलालनं तराजूवरून मान वर केली. "काय म्हणालास?"

"सोनं."

"हितेंद्र, मी तुला लहानपणापासून ओळखतो. तू स्वतःच्या लग्नातल्या जेवणालासुद्धा बरं म्हटलं नव्हतंस. काल शिव्या, आज सोनं? कॉलेजनं किती टक्के ठरवले?"

दुपारपर्यंत दाणा बाजारात बातमी: हितेंद्रनं गणिताची दलाली घेतली! संध्याकाळपर्यंत: गणितात काहीतरी भानगड आहे, म्हणून हितेंद्र ते खपवतोय! मी जितकी स्तुती करू तितका भाव पडायला लागला. एकानं तर समाजशास्त्रही काढून टाकलं. म्हणाला, शेजारी ठेवलेला मालही खराब होतो.

उरले गनीभाई. त्यांच्या पोरीचं, शाझियाचं, नावही आधी गणिताच्या यादीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरामागच्या गोदामात गेलो. पोत्यांच्या ढिगावर बसून आम्ही चहा प्यायलो.

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

"आहे खरं," गनीभाई म्हणाले.

"शाझिया काय करतेय?"

"करेल काहीतरी. आपल्याला काय! आणि विधी?"

"ती पण करेल. आपल्याला काय!"

"गणित वगैरे आम्हाला कुठं पाहिजे होतं."

"आम्हाला तरी कुठं."

दुसरा चहा आला. शाझियानंच आणला. ती खाली बघत होती. जाताना तिनं दार हळू ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं. आणि मला स्कूटरची दांडी आठवली. विधीचा हात नसलेला माझा खांदा आठवला.

कप खाली ठेवला आणि म्हणालो, "गनीभाई, मला पाहिजे."

"काय पाहिजे?"

"गणित. माझ्या पोरीसाठी. ती दिल्लीला गेली तर आमचं घर खायला उठेल, म्हणून नकोही आहे. पण पाहिजे. मी तिथं जे बोललो ते सगळं खोटं होतं. मी फक्त भाव करत होतो."

बाहेर टेम्पोत पोती पडल्याचे धप्प धप्प आवाज येत होते.

"भाव करत होता!" गनीभाई म्हणाले. "या खुदा! अहो, मी तुमच्याकडे बघून शाझियाचं नाव काढलं. म्हटलं, हितेंद्रशेठ नाक मुरडतात म्हणजे माल सडका असणार. पोर काल जेवली नाही माझी." मग बंद दाराकडे बघत म्हणाले, "मलापण पाहिजे. मी तरी कुणाला सांगू?"

( )

वरच्या कंसात काही लिहायचं नाही, असं मयुरी म्हणाली.

मग आम्ही दोघं निघालो. प्रत्येक पेढीवर एकच वाक्य. "आमच्या पोरींना पाहिजे आहे. तुमच्या पोराचं नाव परत घाला." बस! लोक बघतच राहिले. या बाजारात "पाहिजे" म्हणणारा माणूस भर रस्त्यात धोतर सुटल्यासारखा दिसतो. आम्ही तर दोघंजण तसेच फिरत होतो! पण गंमत अशी की कुणी हसलं नाही. हितेंद्र असं बोलतो म्हणजे खरं असणार, एवढंच त्यांनी धरलं. आणि खोदून विचारलं तर निम्म्या पोरांना गणित हवंच होतं, बापांनी माझं भाषण ऐकून काढलं होतं. बन्सीलालनं खूप वेळ वजनं इकडची तिकडं केली आणि म्हणाला, "घाल श्रेयांसचं नाव. पण मी लगेच हो म्हणालो, असं कुणाला सांगू नकोस."

(पंधरावं नाव मिळालं, तेव्हा यांनी पेढ्यांऐवजी घरी शेवभाजी आणली. तिखट. म्हणाले, डोळ्यांतून पाणी येतंय ते तिखटानं. अजून डबा उघडला नव्हता.)

नेहेते मॅडमनी मला पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर डाळीत उंदीर सापडल्याचे भाव होते. मी हात जोडले. "मॅडम, मला कला शाखेत गणित पाहिजे. आम्हा पंधरा जणांना पाहिजे. शिक्षक मिळत नसेल तर शोधायला मी हिंडतो."

"तुम्ही हिंडू नका!" मॅडम घाईनं म्हणाल्या. "तुम्ही फक्त घरी बसा. शिक्षक मी आणते."

आणला. भूषण सर म्हणून एक तरुण मुलगा आहे, रोज दीपनगरहून येतो. वर्ग सुरू झाला. पहिल्या बाकावर विधी आणि शाझिया.

त्या दिवशी विधीला घ्यायला मी कॉलेजच्या फाटकाशी गेलो. ती येऊन स्कूटरवर बसली आणि खांद्याला धरलं. तेव्हा ठरवलं की आता लपवाछपवी बंद.

"विधी," मी म्हणालो. "तू दिल्लीला गेलीस की मला करमणार नाही. रोज फोन करून जेवलीस का विचारेन. तू चिडशील. गाडीत बसवताना मी रडेन, चारचौघांत. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. पण तू जा. हे दोन्ही खरं आहे."

मग तिनं माझ्या पाठीला डोकं टेकवलं.

"पप्पा."

"हं?"

"मी अकरावीत आहे."

"मग?"

"मग दोन वर्षं मी इथंच आहे. मग ती परीक्षा. मग निकाल. मग मिळालं तर."

मी किल्ली लावली. घराच्या कुलपाची होती. दुसरी शोधली.

"ते माहीत होतं मला," मी म्हणालो. "सहज बोललो."

(माहीत नव्हतं. दिल्लीला न्यायची चाकांची मोठी बॅग केव्हाच आमच्या कपाटावर ठेवली आहे. दुकानदारानं जो भाव सांगितला, त्याच भावात आणली.)