द्वारकाबाईंची स्कॉटिश चाल

मुलुंड पूर्वेला आपल्याइतकी तल्लख गुप्तहेर दुसरी नाही, याबद्दल माणिकताईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरातला वर्तमानपत्र-चोर त्यांनी एका सकाळीत पकडला होता. ते त्यांचे यजमान श्यामकांतच निघाले आणि वर्तमानपत्रही त्यांचंच होतं. पण म्हणून तपासाचं मोल कमी होत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सारं लख्ख आठवणं, हे त्यांचं मुख्य हत्यार.

त्या मंगळवारी त्या मेथी निवडत होत्या आणि सून रुचिरा व्हायोलिन घासत बसली होती. वांद्र्याच्या कार्यक्रमात तिला एक जुनी स्कॉटिश चाल वाजवायची होती. पत्रकात तिच्या उगमाबद्दल दोन ओळी हव्या होत्या. रुचिराने लिहिलं होतं, 'रचनाकार अज्ञात.'

"अज्ञात कशाला?" माणिकताईंनी जुडी खाली ठेवली. "ही माझ्या आईची चाल आहे."

आई, म्हणजे द्वारकाबाई, लालबागच्या चाळीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच चालीवर स्वतः रचलेलं गाणं म्हणे. त्यात मजल्यावरच्या सगळ्या बायकांची नावं गुंफलेली असत, फक्त तिचं स्वतःचं नसे. रेशनकार्ड सोडलं तर ते नाव कुठे उमटलंच नाही. आता पत्रकावर उमटणार होतं, आणि पत्रक गुरुवारी छापायला जायचं होतं.

माणिकताईंनी लगेच छडा लावला. बाबा गिरणीत होते. गिरणीत एखादा स्कॉटिश साहेब असणारच. आई डबा घेऊन गेटवर जाताना गुणगुणत असणारच. साहेबाने चाल ऐकली आणि बोटीने पळवली.

श्यामकांतांनी चष्मा पुसत सांगितलं, की रुचिराच्या पुस्तकाप्रमाणे चाल दोनशे वर्षांची आहे आणि सासूबाई एकोणीसशे तीसच्या.

तपास तत्काळ मागे सरकला. चाल आईच्या पणजीची. मालवणच्या किनाऱ्याला एक स्कॉटिश खलाशी लागला, पणजीने त्याला माशाचं तिखलं वाढलं, आणि तो चाल चोरून गेला. पुरावा? स्कॉटलंडलाही समुद्र आहे.

"तिखलं सोडून चाल नेली?" श्यामकांत म्हणाले. "मग तो मालवणला आलाच नव्हता."

बुधवारी माणिकताईंनी रुचिराला चाल एकवीस वेळा वाजवायला लावली आणि पोळपाटावर लाटण्याने ताल तपासला. दर वेळी निष्कर्ष एकच, आई. शेवटी शेवटी त्यांचे पाय आपोआप उडायला लागले. ते त्यांनी संधिवाताच्या खात्यात टाकलं.

तेवढ्यात नाहूरहून धाकटी बहीण सुलक्षणा वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"ताई, ही चाल तुझ्या गॅदरिंगची ना गं?"

"कुठलं गॅदरिंग?"

"आठवीतलं. बाबांची चौकड्यांची लुंगी चुण्या घालून नेसली होतीस. स्टेजवर सुटली बघ."

ती सुटली म्हणूनच माणिकताईंनी ते अख्खं वर्ष स्मरणातून हद्दपार केलं होतं. शाळेतल्या ड्रिलच्या बाईंनी तबकडी लावून स्कॉटिश नाच बसवला होता. माणिकताई महिनाभर तोंडाने तीच चाल म्हणत चाळीच्या गॅलरीत उड्या मारत होत्या. संक्रांत तोंडावर आलेली; आईचे शब्द तयार होते, चाल नव्हती. चाळीतल्या बायका कानावर पडेल त्या चालीवर गाणं बसवत, आणि त्या महिन्यात आईच्या कानावर दुसरं काही पडतच नव्हतं.

"थोडक्यात, साहेब नाही, खलाशी नाही," श्यामकांत म्हणाले. "माल घरात तूच आणलास."

माणिकताईंनी पोळपाट-लाटणं उचलून जागेवर ठेवलं. मग, पत्रकात आईचं नाव नको घालूस, असं त्यांनी रुचिराला हळूच सांगितलं.

रुचिराने ऐकलं नाही. तिने दोघी बहिणींकडून ते गाणं म्हणवून घेतलं. खोलीवार नावं येत गेली, एकही चुकलं नाही. मग तिने लिहिलं: 'पारंपरिक, स्कॉटलंड. रचनाकार अज्ञात. याच चालीवर लालबागमध्ये द्वारकाबाई सावंत यांनी शेजारणींची नावं गुंफून हळदीकुंकवाचं गाणं रचलं.'

"लुंगीचं लिहू का, आई?"

"लिहून तर बघ."

कार्यक्रमाहून माणिकताईंनी बारा पत्रकं आणली. तपासाच्या वहीत आरोपी म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि श्यामकांतांना दिसू नये म्हणून ते पान दुमडलं. पत्रक मात्र टीपॉयवर उघडंच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.