सीलबंद साल

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. सालावर मी एवढा भर देते, कारण आमच्या घरात हे साल पाच वर्षं चाललं.

त्या साली कृषी माहिती कार्यालयात माहिती सहायकाची एक जागा निघाली. कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टेकलेली टेबलं आणि एक फोन. कुणाच्या पिकावर कीड पडली, कुणाचं जनावर आजारी पडलं, तर त्यानं फोन करायचा आणि कार्यालयानं योग्य ती माहिती द्यायची, असा उदात्त उद्देश होता. जागेसाठी सामान्य ज्ञानाची परीक्षा होती : चालू घडामोडी, विज्ञान, शेती आणि अर्थव्यवस्था. माझ्या धाकट्या वन्संनी अर्ज केला. वयोमर्यादेत बसायचं त्यांचं ते शेवटचं वर्ष. लग्नही ठरलेलं होतं, जनावरांच्या सरकारी डॉक्टरांशी. वन्संची अट एकच : आधी नोकरी, मग लग्न. डॉक्टरांनी ती हसत मान्य केली, कारण तेव्हा जून चालू होता आणि परीक्षा सप्टेंबरात होती.

प्रश्नपत्रिका जूनमध्येच छापून, लाखेचं सील लावून कपाटात गेली. ऑगस्टमध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून प्लूटोला ग्रहांतून काढून टाकलं. नऊचे आठ झाले. एका मुलीचं ठरलेलं लग्न आपण लांबवतो आहोत, हे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

एका जागरूक उमेदवारानं कार्यालयाला विचारलं, ग्रह किती लिहायचे? कार्यालयानं तत्परतेनं परिपत्रक काढलं : प्रश्नपत्रिका सीलबंद झाली त्या दिवशी जे खरं होतं, तेच परीक्षेपुरतं खरं मानण्यात येईल, सबब, नऊ. त्यावर दुसऱ्या उमेदवारानं विचारलं, म्हणजे ग्रहांवर प्रश्न आहे हे तुम्हीच फोडलंत की! यात तथ्य आढळलं. परीक्षा पुढे ढकलून चौकशी समिती नेमण्यात आली. नवी प्रश्नपत्रिका काढा, अशी सूचना कुणीतरी केली. समितीनं ती फेटाळली, कारण जुनी प्रश्नपत्रिका हा पुरावा होता आणि नवी काढणं म्हणजे चौकशीआधीच दोष कबूल करणं. परीक्षा होईल ती याच प्रश्नपत्रिकेवर, चौकशी संपल्यावर. कुणावर अन्याय नको म्हणून उमेदवारांचं वयही सीलच्या तारखेचंच धरण्यात येईल.

"वहिनी, म्हणजे माझं वय आता वाढतच नाही!" वन्सं मला मिठी मारून म्हणाल्या.

"भाग्यवान आहात," मी म्हटलं. "डॉक्टरांच्या वयाबद्दल काही लिहिलंय का त्यात?"

त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका सरांचा क्लास होता. इतर क्लासवाले रोजच्या घडामोडी शिकवत राहिले आणि बुडाले. या सरांनी मात्र परिपत्रकाचा अर्थ नेमका ओळखला. रद्दीवाल्याकडून त्यांनी सीलच्या आधीच्या वर्षाचे पेपर पोत्यांनी आणले आणि 'चालू घडामोडी' नावाचा वर्ग सुरू केला. पालकांना बोलावून ते म्हणाले, "आजचा पेपर मुलांच्या हाती लागू देऊ नका. एक ताजी बातमी डोक्यात शिरली की जुनी बाहेर ढकलली जाते. आणि आपल्याला जुनी हवी आहे. ज्यांना जगाबद्दल कुतूहल आहे, त्यांनी कृपया दुसरा क्लास बघावा."

आमच्या टीव्हीवर मी उशीचा अभ्रा चढवला. रेडिओ माळ्यावर गेला. ह्यांना पेपर वाचायला जिन्यात बसावं लागे, आणि वाचून वर आले तरी सुटका नसे.

"दादा, तोंड नीट कर बघू," वन्सं पुस्तकातून मान वर न करता म्हणत. "तुझ्या तोंडावरून कळतंय, काहीतरी झालंय."

"अगं, माझं पोट बिघडलंय."

"नक्की पोटच ना? सरकार नाही ना पडलं?"

"पोटच, पोटच."

दुसऱ्या वर्षी कृषिमंत्री वारले. सीलच्या तारखेला ते ठणठणीत होते आणि प्रश्नपत्रिकेत त्यांच्यावर हमखास प्रश्न असणार होता. अंत्ययात्रा नेमकी आमच्या खिडकीखालून निघाली. वाजंत्री, फुलांनी झाकलेली गाडी, पाठीमागे अख्खं गाव. मी धावत जाऊन खिडकी लावली.

"कोण गेलं गं?" वन्संनी विचारलं.

"माझे लांबचे मामा."

"एवढी गर्दी?"

"गोतावळा मोठा आहे आमचा."

वन्संनी माझं सांत्वन केलं. मग पुस्तक उघडून मोठ्यानं पाठ करायला बसल्या, "विद्यमान कृषिमंत्री..." त्या मृताचं नाव त्या इतक्या जिवंतपणे घेत होत्या, की मला क्षणभर खालची गर्दीच वेडी वाटली.

डॉक्टर दर रविवारी येत. सुरुवातीला दोघं गच्चीत गप्पा मारत. पुढे गप्पांना विषय पुरेनात, कारण रोजच्या कामातलं काही बोलायचं तर ते ताजं असे. डॉक्टर गृहस्थ गुणी. घरी जाऊन जुने पेपर वाचून येत आणि शिळी बातमी नवी असल्यासारखी सांगत. वन्सं चुका दुरुस्त करत. मला वाटे, यांचं लग्न झालं तर संसार चांगला होईल, फक्त कुठल्या साली होईल ते सांगता येत नाही.

चौथ्या वर्षी जनावरांमध्ये नवाच रोग आला. अंगावर गाठी उठत, ताप चढे आणि जनावर बसलं की उठत नसे. डॉक्टर रात्रंदिवस गोठ्यांतून फिरू लागले. सलग कितीतरी रविवार चुकले. मग एका दुपारी ते दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, बूट शेणानं माखलेले, डोळे लाल.

"कुठे होतात इतके दिवस?" वन्संनी विचारलं.

"ते तुला सांगता येणार नाही."

"का?"

"सांगितलं तर तुझे मार्क जातील."

वन्संचा चेहरा पडला. "दुसरी कुणी आहे का?"

"दुसरी, तिसरी, शंभर आहेत! सगळ्यांना चार चार पाय आहेत. ऐकणार आहेस का? हा रोग..."

वन्संनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठमोठ्यानं ग्रहांची नावं म्हणायला लागल्या. बुध, शुक्र, पृथ्वी. डॉक्टर प्लूटोपर्यंत थांबले. मग मला म्हणाले, "वहिनी, येतो मी," आणि जिना उतरून गेले. 'येतो' म्हणणारा माणूस परत येणार नाही, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

पुढच्या वर्षी त्यांची लग्नपत्रिका आली. वधूच्या जागी नाव दुसरंच. मी ती लपवायच्या आत वन्संनी उचलली. त्यांनी नावं वाचली नाहीत आधी, तारीख वाचली.

"अभ्यासक्रमाच्या बाहेरचं आहे गं हे, वहिनी," त्या म्हणाल्या, आणि पत्रिका माझ्या हातात देऊन आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी जेवताना मीठ मागितलं नाही; आमटी अळणी झाली होती, हे मलाही मागाहून कळलं.

त्याच वर्षी चौकशी संपली. प्रश्नपत्रिका फुटली होती की नाही, हे ती पाहिल्याशिवाय सांगता येत नाही आणि सीलबंद असल्यामुळे ती पाहता येत नाही, असा निष्कर्ष एकमतानं निघाला. परीक्षा झाली. वन्संच्या पुढच्या बाकावरच्या हुशार मुलानं हयात कृषिमंत्र्यांचं नाव लिहिलं आणि तो नापास झाला. वन्सं पहिल्या आल्या.

नेमणुकीच्या आदेशात एक अट होती. उमेदवाराचं जे ज्ञान परीक्षेत तपासलं गेलं, तेवढंच प्रमाणित. नोकरी कायम होईपर्यंत त्यापलीकडची माहिती जनतेला दिल्यास नेमणूक रद्द. अट योग्यच होती. न तपासलेलं ज्ञान लोकांना द्यायचं म्हणजे जोखीमच की.

वन्सं रुजू झाल्या त्याच आठवड्यात मी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला कार्यालयात गेले होते. फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता, की मलाही शब्दन् शब्द ऐकू येत होता. आवाज ओळखीचा होता.

"गाठींचा ताप पुन्हा उसळलाय! जनावरं बाजारात नेऊ नका म्हणून सगळ्यांना कळवा. आणि लस मागवा, आजच्या आज!"

वन्संनी शांतपणे विचारलं, "हा रोग कधीपासून आहे?"

"दोन वर्षं होत आली!"

"मग असा रोग आपल्याकडे नाही."

"नाही म्हणजे? माझ्यासमोर गाय मरतेय!"

"तिला दुसरं काहीतरी झालं असेल."

फोनमध्ये गाय हंबरलेली ऐकू आली. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तू आहेस ना?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तो रोग ठाऊक नव्हता असं आता म्हणता येणार नव्हतं; गाय त्यांनीही ऐकली होती. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर लस निघाली असती आणि त्यांची नोकरी गेली असती, जिच्यासाठी पाच वर्षं आणि एक माणूस खर्ची पडला होता. मी मान हलवून 'सांगा' म्हटलं.

"आपलं नाव आणि पत्ता सांगा," वन्सं फोनमध्ये म्हणाल्या.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आतल्या खोलीतून साहेब टाळ्या वाजवत बाहेर आले. "वा! आधीचे सहायक 'चौकशी करून कळवतो' म्हणायचे. इतकं ठाम उत्तर या कार्यालयातून पहिल्यांदाच गेलं." पुढे फोन करणाऱ्या सगळ्यांनाच ते उत्तर देण्यात आलं. त्या वर्षी नव्या रोगाची एकही नोंद झाली नाही, म्हणून आमच्या भागाला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, आणि डॉक्टरांना अफवा पसरवल्याबद्दल नोटीस.

त्याला आता बरीच वर्षं झाली. साहेबांना बढती मिळून ते वरच्या कार्यालयात गेले; तिथे फोनच नाही, असं म्हणतात. सरांच्या क्लासच्या शाखा निघाल्या आणि सायकलवाल्याला ती इमारत सोडावी लागली. डॉक्टरांनी राजीनामा देऊन स्वतःचा दवाखाना काढला. जो रोग नाही, त्याच्या पेशंटांची तिथे सकाळपासून रांग असते. त्यांना दोन मुली आहेत. आमचे हे निवृत्त झाले आणि पेपर वाचायचा त्यांनी सोडून दिला. काही अडत नाही म्हणतात. वन्सं आता त्याच कार्यालयाच्या प्रमुख आहेत. लग्न केलं नाही. परीक्षांच्या प्रश्नपत्रिका हल्ली त्याच काढतात, आणि त्यांच्या उत्तरसूचीला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का! खुशाल म्हणा. पण म्हणायच्या आधी, तुमची मुलगी पलीकडच्या खोलीत जे पुस्तक पाठ करते आहे, ते कुठल्या साली छापलंय तेवढं बघून या. आणि बघून झालं की दार हळूच लोटून घ्या, तिला काही सांगू नका. तुम्ही सांगणार नाहीच म्हणा. मार्क कुणाला नको असतात?