सतरा ठिकाणची रेंज

पंधरवड्यात दोनदा हॉस्पिटलने फोन केला आणि दोन्ही वेळा कल्याणीचा मोबाइल लागला नाही. ऑपरेशन थिएटरातल्या नर्सने ऑन-कॉलच्या दिवशी फोन आल्यापासून वीस मिनिटांत हजर व्हायचं असतं. तिसऱ्यांदा असं झालं तर ऑन-कॉलच्या यादीतून तुझं नाव काढावं लागेल, असं चार्ज नर्स शॅरनने अगदी हसतमुखाने सांगितलं. न्यूझीलंडमध्ये वाईट बातमी हसतमुखानेच देतात, त्यामुळे कल्याणीने जास्तच धास्ती घेतली.

"मी कंपनीच बदलते," टाकानिनीतल्या घरी परतल्यावर तिने पर्स सोफ्यावर टाकली. "ती नवीन कंपनी आलीय ना, तिचं सिम घेते. नंबरसुद्धा तोच ठेवता येतो."

"थांब," गुरुनाथ म्हणाले.

त्या एका शब्दामागे मिरजेच्या टेलिफोन खात्यातली चौतीस वर्षं होती. मुलीकडे येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि या तीन आठवड्यांत त्यांचं मत कोणी कशातच विचारलं नव्हतं. वॉशिंग मशीन इंग्रजीत शिट्टी मारायचं, नात इंग्रजीत रडायची. आज पहिल्यांदाच त्यांच्या खात्यातला विषय निघाला होता.

"आधी टेस्टिंग, मग जोडणी. त्या कंपनीचं एक साधं सिम आण. मी फिरून बघतो. तुझं कामाला जायचं-यायचं सगळं क्षेत्र तपासतो आणि लेखी देतो."

"लेखी कशाला हो?" वसुंधराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"अगं, खात्याची पद्धत आहे ती."

वसुंधराबाईंच्याही पद्धती होत्याच. चार बॅगांपैकी एक त्यांनी नुसत्या स्टीलच्या डब्यांनी भरून आणली होती, कारण परदेशातल्या प्लॅस्टिकला वास येतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आल्या दिवसापासून स्वयंपाकघर आणि गार्गी ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. अडीच वर्षांच्या गार्गीला मोबाइल दिसला की राहवत नसे. आजी-आजोबा आले त्याच दिवशी तिने आईचा फोन दुधाच्या कपात बुडवून पाहिला होता. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक मोबाइल आधी आजी ताब्यात घेई आणि वर, गार्गीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून देई.

रविवारी मोहीम निघाली. जावई शंतनू गाडी चालवणार आणि गुरुनाथ जुन्या हँडसेटात नवं सिम घालून ठिकठिकाणाहून घरच्या लँडलाइनवर फोन करणार. वसुंधराबाईंनी तो उचलायचा आणि आवाज कसा येतोय ते वहीत लिहायचं. कल्याणी ऑन-कॉल होती. आठवडाभराच्या ड्यूटीने ती पार दमली होती.

"तू खुशाल पड गं," वसुंधराबाई म्हणाल्या. "मोबाइल वर ठेवलाय. वाजला की उठवते."

"आणि नाहीच लागला, तर शॅरनकडे आता लँडलाइनचाही नंबर दिलाय," असं म्हणून कल्याणी निश्चिंत झोपली.

पहिला फोन अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून झाला. सामोअन बायका, चिनी आजोबा आणि कोथिंबिरीच्या ढिगाऱ्यांच्या मधोमध उभं राहून गुरुनाथांनी खात्याच्या आवाजात पुकारा केला, "हॅलो, टेस्टिंग! एक, दोन, तीन!"

"ओरडताय कशाला? शेजारी उभं राहून बोलल्यासारखं येतंय," पलीकडून वसुंधराबाई म्हणाल्या. "बाजारात वांगी आहेत का? बारकी असतील तरच घ्या. आणि नीट दाबून बघा."

वांग्यांवर साडेसहा मिनिटं गेली. वहीत 'आवाज उत्तम' अशी नोंद झाली.

पुढे मोटरवेवर झाला, पेट्रोल पंपावर झाला, बॉटनी डाउन्सच्या मॉलमध्ये झाला. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमधून तरी लागणार नाही अशी गुरुनाथांची पैज होती. तिथूनही लागला. डोक्यावर अख्खा मॉल, मॉलवर लोकांच्या गाड्या, आणि तरी त्या सगळ्यातून वाट काढत बायकोचा आवाज खाली आला, "अहो, दुपारी जेवायचं काय करणार आहात?" गुरुनाथांनी सवयीने मान वर करून तार शोधली. तार नव्हती. खांब नव्हता. ते बराच वेळ त्या सिमेंटच्या छताकडे बघत उभे राहिले.

"बाबा, चलायचं ना?" शंतनूने विचारलं.

"हो, हो. अहो, पण हे येतं कुठून?"

वसुंधराबाईंनाही एव्हाना गोडी लागली होती. नवरा चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात, पण त्यातली पहिली वीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या घरी फोन नव्हता. नवऱ्याशी फोनवर निवांत बोलायचा योग आत्ता कुठे आला होता. त्यामुळे प्रत्येक टेस्टिंग दहा-बारा मिनिटं चालू लागलं. मधल्या वेळात फोन आलाच तर चटकन उचलता यावा म्हणून त्या रिसीव्हर बाजूला काढूनच ठेवायच्या, पण गुरुनाथांना एंगेज लागल्यावर त्यांनी ती सुधारणा मागे घेतली.

सतरावं ठिकाण क्लिव्हडनच्या पुढचं एक कुरण होतं. चहूकडे हिरव्या टेकड्या, पलीकडे समुद्राची निळी रेघ आणि मध्ये मेंढ्या. इथे गुरुनाथांच्या हातातल्या पडद्यावर एकच काडी उरली. ते कुंपणाच्या फाटकावर चढले, मग शेजारच्या दगडावर चढले आणि हात उंचावून "हॅलो! हॅलो!" करू लागले. मेंढ्यांना वाटलं चारा आला. शे-दीडशे मेंढ्या त्यांच्याभोवती गोळा झाल्या आणि मागोमाग शेताचा मालकही आला.

"कीआ ओरा! यू ऑल राइट, मेट?"

"टेस्टिंग," गुरुनाथ नम्रपणे म्हणाले. "टेलिफोन डिपार्टमेंट, मिरज."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, असं तो म्हणाला आणि स्वतःही मान वर करून आकाशाकडे बघू लागला.

तेवढ्यात फोन लागला. वारा, मेंढ्यांचं बें बें, आणि त्यातून वसुंधराबाईंचा स्पष्ट आवाज, "अहो, मेंढ्या आहेत का तिथे? किती जवळ वाटतायत!" गुरुनाथांच्या अंगावर काटा आला. कल्याणी जन्मली तेव्हा ते जतच्या लाइनवर होते. टेलिफोन खात्याच्या माणसाला मुलगी झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने सांगितली होती. आणि आज दगडावर उभ्या असलेल्या माणसाला, मेंढ्यांच्या गराड्यात, काही न जोडता घरचं ऐकू येत होतं. त्यांचे डोळे भरून आले. शंतनू सभ्य होता, तो मेंढ्यांकडे बघत राहिला.

मग तुलनेसाठी म्हणून त्यांनी कल्याणीच्या मोबाइलला, म्हणजे जुन्या कंपनीच्या नंबरला फोन लावला. 'आपण संपर्क करत असलेला फोन बंद आहे किंवा कक्षेबाहेर आहे,' असं एका बाईने इंग्रजीत सांगितलं. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. "बघा!" गुरुनाथ विजयाने म्हणाले. "इथे कुरणात नवी कंपनी लागते आणि तिथे भरवस्तीत जुनी लागत नाही. निकाल लागला!"

परतताना वाटभर, पार दारात येईपर्यंत, नवरा-बायकोच्या फोनवर गप्पा चालूच होत्या. चार वाजता ते घरी पोचले तेव्हा कल्याणी नुकतीच उठली होती. गुरुनाथांनी हँडसेट टेबलावर ठेवला आणि वही वाचून दाखवली. सतरा ठिकाणं, सतरा वेळा 'उत्तम', एका ठिकाणी कंसात 'मेंढ्या'.

"ग्रेट, बाबा! मी उद्याच बदलते."

"एक शेवटची टेस्ट राहिली. खुद्द घरात. शंतनू, लँडलाइनवरून या नव्या नंबरला लावा बघू."

शंतनूने लावला. त्याचा चेहरा बदलला. "कक्षेबाहेर सांगतेय."

"शक्यच नाही! पाच मिनिटांपूर्वी दारातून लागत होता." गुरुनाथ टेबलाकडे वळले. टेबल रिकामं होतं. "हँडसेट कुठे गेला?"

"मी उचलला," वसुंधराबाई म्हणाल्या. "गार्गी खुर्चीवर चढत होती. वर ठेवलाय, कल्याणीच्या फोनशेजारी."

"वर म्हणजे कुठे, आई?" कल्याणीने सावकाश विचारलं.

"वर म्हणजे फळीवर. साबुदाण्याच्या डब्यात."

कल्याणीने फळीकडे पाहिलं.

"डब्यात? झाकण लावून?"

"मग! झाकण नको? गार्गी फळीपर्यंत चढते ती. आणि नुसतं नाही, घट्ट लावते. तुझा रोजचा अलार्म डब्यातूनसुद्धा छान ऐकू येतो की. म्हटलं, अलार्म वाजतो तसा फोनही वाजेल."

गुरुनाथांनी डबा खाली उतरवला. झाकण इतकं घट्ट होतं की ते पोटाशी धरून ओढावं लागलं. ते टक्कन निघालं आणि आतून, पांढऱ्याशुभ्र साबुदाण्यावर शेजारी शेजारी झोपलेल्या दोन मोबाइलांपैकी एक थरथरला, दोनदा टुंग टुंग झाला आणि खणखणून वाजू लागला.

"शॅरन!" कल्याणीने तो साबुदाण्यासकट कानाला लावला. "येस... येस, शॅरन. सॉरी... लँडलाइन सारखी बिझी होती?" तिने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. "नो, नो. आय ॲम ऑन माय वे." फोन ठेवता ठेवता ती पायात बूट घालत होती. "सिझेरियन आहे. अर्ध्या तासापासून ट्राय करतेय ती. हा शेवटचा म्हणून केला होता."

"माय फोन!" गार्गी दारापर्यंत ओरडत गेली.

गाडी वळणाआड गेली. गुरुनाथांनी डब्यात राहिलेल्या हँडसेटला झाकण उघडं ठेवून लँडलाइनवरून फोन लावला, लागला. झाकण लावून लावला, मेला. त्यांनी हे चार वेळा केलं. सतरा ठिकाणं पालथी घातली, आणि स्वयंपाकघरात एकदाही डोकावलं नाही! "माझंच चुकलं," वसुंधराबाई हळूच म्हणाल्या. अख्ख्या मॉलला न जुमानणारी लाट एका झाकणाने अडवली होती, आणि खरं सांगायचं तर गुरुनाथांना रागापेक्षा त्या झाकणाचंच नवल वाटत होतं.

सहाच्या सुमाराला उघड्यावर ठेवलेला नव्या सिमचा फोन वाजला. "बाबा, वेळेत पोचले. मुलगी झाली तिला, दोघी छान आहेत. शॅरन काही बोलली नाही, हसलीसुद्धा नाही, म्हणजे वाचले. आणि कंपनी काही बदलायला नको, हीच बरी आहे."

जन्मून तासही झाला नव्हता, आणि बातमी घरी पोचली होती. गुरुनाथांनी फोन दोन्ही हातांनी हळूच टेबलावर ठेवला. मग वही उघडून त्यांनी खात्याच्या पद्धतीने लिहिलं, 'ठिकाण अठरावे : साबुदाण्याचा डबा. संपर्क : शून्य.'

"डबा मात्र दणकट आहे हं," सगळं शमल्याची खात्री झाल्यावर वसुंधराबाई म्हणाल्या. "असं झाकण हल्ली मिळत नाही. कुणी दिला होता हो हा आपल्याला?"

गुरुनाथांनी डबा उजेडात तिरका धरला. बुडाशी, साबुदाण्याच्या पिठाने भरलेल्या बारीक टिपक्यांच्या अक्षरात नाव घातलेलं होतं. त्यांनी अंगठ्याने पीठ पुसलं आणि वाचलं, 'श्री. गुरुनाथ यांस सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट. टेलिफोन खाते, मिरज.'