सापांचा फळा

देवधरकाकांकडे चामटोलीला जेवायला गेलात, तर ताट वाढण्याआधी ते तुम्हाला घराबाहेर पळायचे रस्ते दाखवतात. "पुढचं दार, मागचं दार आणि नाहीच जमलं तर ही खिडकी. शिट्टी वाजली की धक्काबुक्की नाही. शांतपणे अंगणात जमायचं." मग हात धुवायला पाणी. नारळाखाली बसायचं असेल तर डोक्यावर हेल्मेट चढवावं लागतं. पिवळं पाहुण्यांना, पांढरं साहेबांना, म्हणजे स्वतःला.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते आणि मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. निवृत्त माणसं आमच्याकडे कट्ट्यावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात. यांनी बदलापूरजवळ चामटोलीला जमिनीचा तुकडा घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. या वयात माणूस औषधाच्या दुकानाजवळ सरकतो, हे लांब गेले. मला तेव्हाच त्यांचं भलतंच कौतुक वाटलं होतं.

मंगलाकाकू मात्र तिथे एक रात्रही राहिल्या नाहीत. वास्तुशांतीच्या दिवशीच पायरीवर भलीमोठी धामण पसरली होती. काकू आल्या रिक्षाने अंबरनाथला परतल्या. जाताना म्हणाल्या, "सलग शंभर दिवस साप दिसला नाही, तर येईन. तोवर तुम्ही आणि तुमची शुद्ध हवा!"

दुसरा नवरा रुसून बसला असता. काकांनी फळा आणला. कारखान्याच्या गेटवर अपघाताविना गेलेले दिवस लिहितात, तसाच. वर रंगाने 'सापाविना दिवस', खाली खडूने आकडा. त्यांनी कुंपणालगतचं गवत कापलं, लाकडांचा ढीग हलवला, बिळं बुजवली. रोज सकाळी गमबूट घालून फेरी मारायची आणि मगच आकडा वाढवायचा.

शेजारच्या शेतातल्या यमुनाबाईंना हसू आवरेना. "साहेब, धामन हाय ती. उंदरा खाते. तिला काय मोजतांव?"

"नियम म्हणजे नियम, बाई," काका म्हणाले.

पुढे पुढे गावच त्या फळ्यात गुंतलं. जाणारा-येणारा क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं ओरडायचा, "साहेब, आज किती?" बदलापूर स्टेशनवरचे रिक्षावाले मला गाडीत बसण्याआधीच आकडा सांगत. आकडा नव्वदीत गेला, तेव्हा यमुनाबाईंनी हसणं सोडून काकूंसाठी अळूचे कंद आणून दिले.

त्याच रविवारी मी तिथे होतो. खिडक्यांना काकूंच्या आवडीचे निळे पडदे लागले होते. काका फेरीला निघाले, मागे मी चहाचा कप घेऊन. पाण्याच्या टाकीपाशी काका एकदम थांबले. त्यांच्या बुटाला जवळजवळ घासून धामण सळसळत यमुनाबाईंच्या शेतात निघून गेली.

"काका, ही शेजारची," मी म्हणालो. "आपली नाही. आणि पाहिलं कोणी? आपण दोघांनीच ना?"

काका वळले. फळ्यापाशी गेले, ओल्या फडक्याने आकडा पुसला आणि शून्य लिहिलं. मी व्यासपीठावरची पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत. त्या गमबुटातल्या माणसाएवढं मोठं मला कोणी वाटलं नाही. माझा चहा हातातच गार झाला.

मग त्यांनी काकूंना फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर कायम चालू असतो.

"मंगला, आज शून्य झालं गं."

काका साहेबासमोर उभं राहावं तसे ताठ उभे.

"किती लांब होता तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"पायाशीच होती."

"एकटेच होता?"

"हा आला आहे आज. एरवी एकटाच असतो."

"घाबरलात?"

मला वाटलं, आता नियम निघणार. सगळ्या कारखान्याला न घाबरायला शिकवणारा माणूस खाली बघत म्हणाला, "हो. खूप घाबरलो."

"मग तिथे एकटे कशाला उभे आहात? घरात जाऊन बसा," काकू म्हणाल्या. "मी रिक्षा बघते."

काका घरात गेले नाहीत. ते गेटवर जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. अंबरनाथहून यायला रिक्षाला बराच वेळ लागतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.