चित्रापुढे रडणारे हवालदार

आमचे शेजारी तातोबा हवालदार चांगलं चित्र दिसलं की रडत. पाटणकडचा सहा फुटी गडी, इटलीच्या लढाईतून जिवंत परतलेला, मिशा अशा की पोरं वाट सोडत. पण भिंतीवर एखादं बरं चित्र असलं, की फेटा काखेत मारून चक्क भोकाड पसरत.

ही खोड इटलीतली. तिथल्या एका पडक्या चर्चच्या भिंतीवर मांडीवर लेकरू घेतलेली आई रंगवलेली होती. तिच्यापुढे हे इतके रडले की साहेबानं डॉक्टरकडे धाडलं. "काढणारा कवाच मातीत गेलाय, मास्तर," ते मला सांगत, "आन् मला हितं रडीवतुय! केवढा मानूस आसंल त्यो!"

एकदा सांगलीला हळदीच्या पेठेत अडत्याच्या गादीमागं कॅलेंडरवरची लक्ष्मी दिसली आणि हवालदारांचा बांध फुटला. अडत्याला वाटलं, हळद डोळ्यांत गेली. बिचाऱ्यानं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. हवालदार मिशा पिळत म्हणाले, "लय झ्याक काढलीया!"

मी साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. माझ्या चित्रांपुढे मात्र या गृहस्थांचा डोळा कधी ओलावला नाही. बक्षीस मिळालेलं निसर्गचित्र दाखवलं, तर म्हणाले, "म्हस बरी हाय." तो खडक होता! तेव्हापासून मी हट्टालाच पेटलो, यांना रडवायचंच.

संधी त्यांनीच आणून दिली. ते लढाईवर असताना त्यांची बायको तापानं गेली होती. फोटो एकही नव्हता. "आमच्या कारभारणीचं चित्र काढा," म्हणाले. मी उत्साहानं कागद ताणला. नाक कसं होतं? हवालदार मिशा चाचपू लागले. डोळे? फेटा सोडून पुन्हा बांधू लागले.

"आवं, रजेवर चार दिस यायचं. घरात आई, आबा, थोरला भाऊ. त्यांच्याम्होरं बायकूकडं बघायचं कसं? तिचा पदर नाकापातुर. भाकरी वाढताना हात तेवढा दिसायचा." मग हळूच म्हणाले, "म्हून तर चित्रात बाई दिसली की बघतुय. अशी आसंल का, म्हनून."

मला माझ्या हट्टाची लाज वाटली. मी नुसता हातच रंगवला. हिरव्या बांगड्या, बोटांना पीठ. हवालदार वाकून बघत होते. "करंगळीवर तव्याचा चटका हुता," म्हणाले. मी तोही काढला.

ते रडले नाहीत. आपला राकट पंजा त्यांनी कागदावरच्या त्या हातावर ठेवला. रंग ओला होता, पण मी अडवलं नाही.

"दिवसाउजेडी पयल्यांदाच धरतुय, मास्तर."